इथेनॉलवर आळ घेण्याआधी काटा तपासा



मागच्या वार्षिक सभेनंतर पंगतीत माझ्या शेजारी एक जुने सभासद बसले होते. पहिला घास घेण्याआधीच त्यांनी विषय काढला. "भाऊ, तुमच्या कारखान्याच्या त्या दारूनं माह्या गाडीचं वाट्टोळं केलं ना बाप्पा!" मी म्हटलं, कारखाना तुमचाही आहे, तुमचे शेअर आहेत. तर ते म्हणाले, "भाव देते तवा माहा, गाडी बंद पाडते तवा तुमचा." पंगतीत हशा पिकला. मलाही हसू आले. पण घरी जाताना डोक्यात तेच घोळत राहिले, कारण त्यांच्यासारखीच तक्रार मीही आठ महिने करीत होतो आणि माझी तक्रार खोटी निघाली होती. ती कशी खोटी निघाली हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. त्यात मोटारीच्या सायलेन्सरात बसणाऱ्या एका बोटभर वस्तूची माहिती ओघाने येईल. ऊसवाल्याला ती कशाला, असे कोणी म्हणू नये. आपल्या मालाची अब्रू सध्या त्या वस्तूच्या हाती आहे.

आधी इथेनॉलचे थोडक्यात सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग सन २००१ मध्ये झाले. तीनपैकी दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातलीच होती, मिरज आणि मनमाड. जानेवारी २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. देशभराची सरासरी १० टक्क्यांवर जून २०२२ मध्ये पोचली, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्क्यांचे पेट्रोल पंपावर आले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. म्हणजे पहिली वीस वर्षे बैलगाडी आणि पुढची तीन वर्षे एक्स्प्रेस. गावातल्या गाड्या मात्र आहेत त्याच राहिल्या. तक्रारीचे मूळ इथे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक गोष्ट. सगळे खापर उसाच्या डोक्यावर फोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात धान्यापासून केलेल्या इथेनॉलने उसाच्या इथेनॉलला मागे टाकले, आणि त्यात मक्याचा वाटा मोठा होता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते, त्याचा तो परिणाम. तेव्हा टाकीत जे पडते ते सगळे आपल्याच चरकातून आलेले असते असे नाही. असो.

आता हिशेब पाहा. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग मुळात ऑक्सिजनच असतो. २० टक्क्यांच्या मिश्रणाला हा आकडा सुमारे १३.५ येतो. ज्या गाडीत कार्बोरेटर आहे तिचा जेट पेट्रोलच्या मापाने पाडलेला असतो. जेट बिचारा अडाणी. त्याच्यातून काय वाहते हे त्याला कळत नाही, तो आपला ठरल्याप्रमाणे सोडतो. म्हणून शुद्ध पेट्रोलवर जिथे हवा बरोबर होती, तिथे आता ८-९ टक्के जादा होते. मेकॅनिक मंडळी याला 'लीन' म्हणतात. लीन झालेली गाडी पिकअप सोडते, चढावर अडखळते, गरम होते. याच्या उलट, पेट्रोल जादा झाले की 'रिच'. तेव्हा काळा धूर, काळा प्लग आणि पेट्रोलचा फन्ना.

मायलेजचेही स्पष्ट सांगतो. लिटरला लिटर धरले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्क्यांवर ६ ते ७ टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच छापले आहे. तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी जुळवलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के. सरकारच्याच कागदावर जे आहे ते आपण ऊसवाल्यांनी दडवू नये. दडवले की लोक उरलेल्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवीत नाहीत.

पण ६ टक्के घट वेगळी आणि "गाडीचं वाट्टोळं" वेगळे. दुसऱ्याचा पुरावा काय? आपल्याकडे पुरावा म्हणजे मेकॅनिकचे तोंड. तो बॉनेट उघडतो, नाक वर करून वास घेतो आणि म्हणतो, "इथेनॉल हाय भाऊ." झाला निकाल.

आपण सगळे काट्यावर भांडलेली माणसे आहोत. टनामागे किती किलो मारले यावरून कारखान्याच्या गेटवर काय काय झाले, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. त्या भांडणातून आपण एक गोष्ट शिकलो: अंदाजाने बोलायचे नाही, गाडी काट्यावर चढवायची, आणि त्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहायचे. मोटारीच्या धुराचाही असा काटा मिळतो. त्याचे नाव वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर.

ही विद्या आपल्याला तशी परकी नाही. झिर्कोनिया नावाची एक चिनी मातीसारखी वस्तू आहे. तापवली की तिच्यातून ऑक्सिजनचे विद्युतभारित कण पार होतात, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की तिच्यावर व्होल्टेज तयार होतो. याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडले. साखर कारखान्यांत बगॅसच्या बॉयलरच्या धुराड्यात याच झिर्कोनियाची नळी बसवतात. धुरात ४ ते ६ टक्के ऑक्सिजन दिसला म्हणजे हवा बेताची आहे, जास्त दिसला म्हणजे आपण फुकट वारा तापवतो आहोत, असे बॉयलरवाला त्यावरून ओळखतो. मोटारीत हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये आला. बॉश कंपनीचा सेन्सर आणि स्वीडनची व्होल्व्हो मोटार. आपल्याकडे एक मोठी अडचण होती, ती म्हणजे पेट्रोलमधले शिसे. शिशाने हा सेन्सर मरतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल झाले आणि तो अडसर गेला. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या मोटारसायकली आल्या, त्यांच्या सायलेन्सरला वायर गेलेला जो बोल्ट दिसतो तो हाच.

मात्र मोटारसायकलीतला सेन्सर साधा असतो, अरुंद पट्ट्याचा. तो वाण्याच्या तराजूसारखा. दांडी इकडे झुकली की तिकडे, एवढेच सांगतो. ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर पेट्रोल जादा, खाली आला तर हवा जादा. किती जादा, ते त्याला सांगता येत नाही. वाइडबँडचे तसे नाही. तो वजनकाटा आहे, आकडा दाखवतो. त्याची युक्ती विहिरीच्या उदाहरणाने चटकन कळेल. विहिरीचा झरा किती हे पाहायचे तर आपण मोटार लावतो आणि पाण्याची पातळी एका खुणेवर धरून ठेवतो. ती धरायला जेवढे पाणी उपसावे लागले तेवढा झरा. वाइडबँडच्या पोटात तशीच एक बारीक विहीर आहे. तिच्यात धूर शिरतो. जोडीची इलेक्ट्रॉनिक पेटी त्यातला ऑक्सिजन उपसते किंवा भरते आणि पातळी खुणेवर धरते. त्यासाठी किती करंट लागला त्यावरून ती आकडा काढते. त्या आकड्याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे हवा बरोबर, १.०८ म्हणजे ८ टक्के जादा, ०.९० म्हणजे १० टक्के कमी.

आता माझी फजिती.

आमच्या घरी १९९६ सालची कार्बोरेटरची पेट्रोल मोटार आहे. मुलगा म्हणतो विका, मी म्हणतो चालते तोवर चालू द्या. २० टक्के आल्यावर ती चढावर अडखळू लागली. अकोल्याच्या एका गॅरेजात दाखवली. मालक हुशार तरुण, त्याने वाइडबँड मागवून बसवला. सायलेन्सरला वेल्डिंग करून सेन्सर, डॅशबोर्डखाली पेटी आणि स्टिअरिंगजवळ छोटे घड्याळ. गाडी चालवली तर घड्याळ १.२४ दाखवी. म्हणजे २४ टक्के हवा जादा! त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच इथेनॉल ओतले. मग जेट मोठा केला, आणखी मोठा केला, तीन नंबर चढवून घड्याळ १.०३ वर आणले. मी खूश होऊन गाडी घेऊन आलो.

पंधरा दिवसांत प्लग कोळशासारखा काळा. पूर्वी लिटरला साडेसोळा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली. पुन्हा नेली, त्याने पुन्हा इथेनॉलला शिव्या घातल्या आणि मीही त्याच्या सुरात सूर मिसळला. गावात येऊन चार लोकांना सांगितले. ते चार आणखी चाळीस जणांना सांगून आले असतील. आठ महिने हे चालले.

एका रात्री मूर्तिजापूरहून परत येत होतो. दिवेलागण झाली म्हणून हेडलाइट लावला, तर घड्याळातला आकडा सहा घर वर सरकला. बंद केला, खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा वर. मला त्यातले काही कळेना, पण डोक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काम होते. बॉयलरवर उपकरणांचे काम केलेले एक निवृत्त गृहस्थ ओळखीचे आहेत, त्यांना सहज विचारले. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मले सांगा भाऊ, हेडलाइट लावला तं धुरातला ऑक्सिजन वाढते काय?"

"नाही."

"मंग काटा खोटं बोलून रायला. अर्थ कोठी देला, पाहून या."

पाहिले. पेटीची अर्थाची वायर डॅशबोर्डखालच्या एका रंग दिलेल्या, गंजलेल्या बोल्टला होती. हेडलाइटचा अर्थही त्याच बोल्टला. घड्याळाचा अर्थ मात्र सरळ बॅटरीला. आता गंजलेल्या बोल्टातून करंट वाहिला की तिथे थोडा व्होल्टेज पडतो. पेटी आपला आकडा ० ते ५ व्होल्टमध्ये घड्याळाला पाठवते. तिच्या पायाखालची जमीनच वर उचलली गेली, तर तिचा आकडाही तेवढा वर जातो. पाव व्होल्टाने किती खोटे होते, पाहा: ज्या पेटीत ५ व्होल्ट म्हणजे लॅम्डा ०.५ ते १.५, तिच्यात पाव व्होल्ट म्हणजे ५ टक्के हवा. खाली दगड अडकलेल्या काट्यासारखे झाले. आणि हेडलाइट बंद असला तरी सेन्सरचा स्वतःचा हीटर त्याच बोल्टातून करंट घेत होता, म्हणजे दिवसाही काटा खोटाच.

पण तेवढ्याने २४ टक्के होत नाहीत. गृहस्थांनी गाडी चालू केली, सायलेन्सरच्या तोंडाला ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबला आणि कान लावला. सेन्सरच्या वीतभर आधीच्या फ्लँजमधून सुस्स आवाज. गॅस्केट फाटलेले. आपल्याला वाटते गळतीतून धूर बाहेर जातो. जातोच, पण धूर धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर ती हवा मोजतो आणि म्हणतो हवा जादा. तो खरेच बोलतो, पण इंजिनाबद्दल नव्हे, फटीबद्दल.

गॅस्केट बदलले, अर्थ इंजिनाच्या ब्लॉकवर घासून स्वच्छ केलेल्या जागी दिला, घड्याळाचाही तिथेच. आकडा आला ०.८८! म्हणजे गाडी आठ महिने उपाशी नव्हती, पेट्रोलात बुडत होती. जुना जेट परत टाकला तर १.०८, गणित सांगते तेवढेच. एक नंबर मोठा टाकला, सपाट रस्त्यावर १.०२. मग धामणगाव गढीहून चिखलदऱ्याच्या घाटात पूर्ण पॅडल दाबून चढवली, तिथे ०.९० च्या आसपास, जे जोर लावताना हवेच असते. आता साडेपंधरा मिळते. साडेसोळाचे साडेपंधरा, ही घट इथेनॉलची, ती मी मान्य करतो. तेरा ही घट त्या बोल्टाची आणि त्या गॅस्केटची होती, आणि शिव्या खाल्ल्या आपल्या उसाने.

म्हणून सांगतो, ज्यांना हा काटा बसवायचा असेल त्यांनी घाई करू नये. निवडताना पहिली गोष्ट, सेन्सर आणि पेटी एकमेकांच्या जोडीची हवी. बाजारात बॉशचे एलएसयू ४.२ आणि ४.९ हे दोन जास्त दिसतात, जपानी एनटीके कंपनीचेही येतात. ४.२ च्या पेटीला ४.९ लावून चालत नाही, आतला रोध वेगळा, तापमान वेगळे. नवीन घ्यायचा तर मी ४.९ घ्या म्हणेन. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि आपल्या रस्त्यावरच्या धुळीतेलात ती मिळण्याची मारामार. ४.९ ती तुलना स्वतःच्या आत तयार करतो. स्वस्तातला नकली घेऊ नये, बियाण्यात आपण ते भोगले आहे. अधिकृत दुकानातून पावतीसह घ्यावा.

घड्याळावर लॅम्डा दिसेल अशी सोय हवीच. पुष्कळ घड्याळे पेट्रोलच्या मापाने १४.७ असा आकडा दाखवतात. २० टक्के इथेनॉल टाकले तरी लॅम्डा १ असताना ते १४.७ च म्हणते, खरे प्रमाण १३.५ असते. मग कोणी तरी शहाणा "इथेनॉलला १३.५ पाहिजे" म्हणून जेट वाढवतो आणि गाडी बुडवतो. लॅम्डाला इंधनाशी कर्तव्य नाही. पेट्रोल असो, इथेनॉल असो, एक म्हणजे एक.

इंजिन तेल खात असेल, निळा धूर मारीत असेल, तर आधी रिंगा बदला. तेलाची राख सेन्सरवर बसून तो आंधळा होतो. गॅस्केटला सिलिकॉनची पेस्ट थापायची सवय आपल्या मेकॅनिकांना फार. ती सेन्सरला विष आहे. टू-स्ट्रोक फवारणी पंपाला तर हा लावूच नये.

बसवताना वेल्डिंगचा बुश १८ मिलिमीटरचा, दीड आट्याचा लागतो. वेल्डिंग करताना सेन्सर आत ठेवू नये, बोल्ट लावून ठेवावा आणि बॅटरीची वायर काढावी. सेन्सर आडव्या पाइपावर वरच्या बाजूने कलता असावा, घड्याळाच्या काट्यांत सांगायचे तर दहा ते दोनच्या मध्ये. खाली लोंबता बसवला तर सकाळी सायलेन्सरात साचलेले पाणी त्याच्यावर जाते. आतली माती सुमारे ७८० अंशांवर तापलेली असते. तापल्या तव्यावर पाणी पडले म्हणजे काय होते ते घरातल्या बाईला विचारा. त्याच कारणाने चावी फिरवताच हीटर धडाक्यात पेटू नये, हळूहळू तापवणारी पेटी असावी, आणि थंडीत आधी इंजिन सुरू करावे. दुसरे, सेन्सर सायलेन्सरात आहे पण त्याला वीज नाही, अशी गाडी चालवू नये. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि महिन्याभरात तो वाया जातो.

वायरिंगमध्ये ४.९ ला पाच वायरी येतात आणि प्लगात सहा पिना असतात. सहावी पिन कशाला, म्हणून गॅरेजवाला प्लग कापतो आणि वायरी पिळून जोडतो. अगदी करू देऊ नका. त्या प्लगाच्या पोटात त्या सेन्सरपुरता कारखान्यात मापून बसवलेला रोध असतो, तो म्हणजे त्या काट्याचा शिक्का. प्लग कापला की शिक्का गेला. वायर कमी पडली तर जोडीची लांब वायर मागवावी. राखाडी आणि पांढरी वायर हीटरची. राखाडीला धन आणि पांढरी पेटीत. पांढरी बाहेरच्या बाहेर अर्थला देऊन हीटर सरळ बारा व्होल्टवर चालवला तर सेन्सर जळतो, तिला पेटीच चालूबंद करीत असते. लाल, पिवळी, काळी आणि हिरवी या मोजणीच्या नाजूक वायरी. त्या प्लगच्या जाड वायरीपासून आणि कॉइलपासून लांबून न्याव्यात. पेटीला वीज चावीनंतरच्या रिलेमधून, स्वतंत्र फ्यूज लावून द्यावी. आणि अर्थ कुठे द्यायचा ते मी आठ महिने आणि शेकडो लिटर पेट्रोल घालवून शिकलो, वर लिहिलेच आहे.

बसवण्याआधी सेन्सर मोकळ्या हवेत तापवून पाहावा, पेट्रोलच्या वासापासून दूर. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, तेवढा दिसला पाहिजे किंवा घड्याळ लीनच्या टोकाला गेले पाहिजे. हे काट्याचे शून्य तपासणे. बसवल्यावर गाडी चालू ठेवून हेडलाइट, पंखा, हॉर्न एकेक लावून पाहावे. आकडा हलता कामा नये.

आणखी एक फसवणूक ध्यानात ठेवा. प्लग मिसिंग करीत असेल तर त्या सिलिंडरातला न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन पाहतो, म्हणून म्हणतो हवा जादा. प्रत्यक्षात पेट्रोल जादा होऊनच प्लग भिजलेला असू शकतो. तेव्हा आधी प्लग, मग जेट. आपल्या अकोल्याच्या उन्हाळ्याचेही आहे. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांवर हवा डिसेंबरच्या सकाळपेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ असते, त्यामुळे कार्बोरेटरची गाडी आपोआप पाचेक टक्के रिच होते. मेमध्ये दुपारी जुळवलेला जेट हिवाळ्यात लीन वाटणारच. त्यालाही इथेनॉल म्हणायचे काय?

ज्यांच्या गाडीत इंजेक्शन आहे त्यांनी मात्र सायलेन्सरला भोक पाडू नये. त्या गाडीचा स्वतःचा सेन्सर आणि संगणक बरेचसे जुळवून घेतात. अलीकडच्या चारचाकीला स्कॅनर लावला की संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो आहे ते वाचता येते. तेवढे पुरे. आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वायसर आणि टाकीतले पाणी यांचे दुखणे कोणताही सेन्सर सांगत नाही. तिथे इथेनॉलचा दोष खरा असू शकतो. नळ्या बदलणे हाच इलाज.

काही सभासद म्हणतील, आमचे ट्रॅक्टर नि ट्रक डिझेलचे, आम्हाला यात काय? मुलगा कॉलेजला कशावर जातो? आणि माणसे पंपावर इथेनॉलला नावे ठेवू लागली, तर ते दुखणे शेवटी उसाच्या भावापर्यंत येते. वऱ्हाडात सहकारी कारखान्यांची किती धुराडी थंड पडली ते आपण पाहिले आहे. मळीला आणि रसाला मिळालेले हे गिऱ्हाईक आपल्याला सहज मिळालेले नाही.

म्हणून मी संचालक मंडळाकडे लेखी मागणी दिली आहे. वाहन विभागाने एक चांगला वाइडबँड संच घ्यावा, जोडीला एक स्कॅनर घ्यावा, आणि गळीत हंगाम नसताना आठवड्यातून एक दिवस सभासदांच्या गाड्या मोजून द्याव्यात. आकडा वहीत लिहावा: गाडी कोणत्या सालची, सपाटीवर किती, चढावर किती, तक्रार काय, आणि शेवटी दोष कशाचा निघाला. इथेनॉलचा निघाला तर तसाही लिहावा. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले मदतीला बोलवावीत, त्यांनाही शिकायला मिळेल. शंभर गाड्यांची अशी वही आपल्याजवळ असली तर मंत्र्यापुढे बोलायलाही तोंड राहील आणि पंगतीतल्या त्या सभासदापुढेही.

खर्चाची बाब म्हणून मागणी पुढच्या बैठकीवर गेली आहे. तोपर्यंत माझ्या गाडीचा जेट ठरला असल्याने मी सेन्सर काढून ठेवला आणि त्या जागी बोल्ट मारला आहे. सेन्सर, पेटी आणि घड्याळ एका डब्यात घरी आहेत. ज्यांना आपल्या गाडीला लावून पाहायचे असेल त्यांनी न्यावे आणि आठ दिवसांत परत आणून द्यावे. बुश स्वतःचा करून घ्यावा. प्लग कापू नये.